वाघ बघायला जाताय, तर त्याची वाट मोकळी ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एफ-२ ही वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर आली आणि दोन्ही अंगांनी आलेल्या जिप्सींमध्ये अडकली. त्याची चित्रफीत घरोघरी पाहिली गेली. चालक आणि गाईड यांच्यावर निलंबनाची कारवाई झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ही कारवाई व्हायलाच हवी होती. पण गाडीच्या मागच्या आसनांवर बसलेल्यांविषयी फारसे कुणी बोलले नाही. जिप्सी वाघाकडे सरकते ती बहुतेक वेळा मागून कुणीतरी "भाऊ, अजून थोडी पुढे घ्या ना" म्हटल्यामुळे. वाघ दिसला तर हातावर नोट पडेल आणि नाही दिसला तर लोक न बोलता उतरून जातील, हे चालकाला पक्के ठाऊक असते. म्हणून हे पत्र मुख्यतः पर्यटकांसाठी आहे. वाघ कसा शोधतात हे माहीत नसले की घाई होते, आणि घाईतूनच वाघाची वाट अडते.

उदाहरण ताडोबाचे घेऊ, कारण महाराष्ट्रातली बरीच कुटुंबे पहिली सफारी तिथेच करतात. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चे आणि जेमतेम ११६ चौरस किलोमीटरचे. त्याला १९८६ मध्ये झालेले अंधारी अभयारण्य जोडले की सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा कोअर, म्हणजे गाभ्याचा संरक्षित भाग होतो. त्याभोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटर बफर, म्हणजे गावे आणि रान मिळून असलेला पट्टा आहे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कोअरच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन करता येते. म्हणजे आपली जिप्सी एकपंचमांश रानातल्या ठरलेल्या रस्त्यांवर फिरणार, आणि वाघाला मात्र सगळे रान मोकळे. सकाळी चार तास फिरून वाघ दिसला नाही, तर त्यात गाईडचा दोष नसतो. "वाघाची हमी" देणारी जाहिरात दिसली, तर ती देणाऱ्याकडून आरक्षण करूच नये. अशी हमी खरी करायची तर कुणाला तरी नियम मोडावा लागतो.

दोन दिवस मुक्काम आणि निदान तीन फेऱ्या, एवढा हिशेब धरूनच निघावे. तिन्ही फेऱ्या एकाच गेटवरून घेऊ नयेत. मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी ही कोअरची प्रवेशद्वारे. एक फेरी बफरमधली ठेवावी: आगरझरी, जुनोना, अलीझंझा, मदनापूर. बफर म्हणजे दुय्यम माल, हा समज चुकीचा आहे. तिथे वाघ आहेतच, गर्दी कमी असते, आणि तिकिटाचा पैसा जंगलाला लागून राहणाऱ्या गावांच्या अधिक जवळ राहतो. मंगळवारी कोअर बंद असतो, आणि पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबरही बंद असतो. आरक्षण वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे. ज्या ओळखपत्राचा क्रमांक टाकला, तेच मूळ ओळखपत्र गेटवर दाखवावे लागते. लोक हमखास चुकतात ते इथे: आरक्षण करताना आधार दिले, गेटवर वाहन परवाना काढला, आणि नोंद जुळेपर्यंत बाकीच्या गाड्या आत गेल्या. एका जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय चालक आणि गाईड. मागचे आसन उंच असते, तिथून दिसते छान, पण खड्ड्यात सगळा हिसका तिथेच बसतो. पाठीचे दुखणे असलेल्यांनी मधले आसन घ्यावे.

कपडे मातकट, खाकी किंवा मळकट हिरव्या रंगाचे असावेत. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीत पहाटेचा वारा हाडात शिरतो. कानटोपी, हातमोजे आणि एकावर एक असे तीन पातळ थर एका जाड जॅकेटपेक्षा सोयीचे, कारण नऊ वाजता ऊन तापते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो. तेव्हा ओला पंचा, टोपी आणि माणशी निदान दीड लिटर पाणी हवे. मोबाइलला कोअरमध्ये बंदी आहे, तो गेटवर किंवा खोलीवरच ठेवावा. गेटवर शौचालय असते, त्याचा वापर करूनच निघावे. आत ठरावीक थांब्याखेरीज कुठेही उतरता येत नाही, आणि लहान मुलांचे हाल होतात ते याच कारणाने. अत्तर किंवा बॉडी स्प्रे मारू नये. कारण पुढे सांगतो.

आता मूळ मुद्दा. वाघ शोधायचा तो डोळ्यांआधी कानांनी, आणि त्याहीआधी रस्त्यावरच्या धुळीत. वाघाचे तळवे मऊ असतात. दगडगोट्यांपेक्षा त्याला मऊ फुफाट्याचा रस्ता आवडतो, म्हणून रात्री तो आपल्याच जिप्सीच्या वाटेने चालतो. पहाटे गाडी सावकाश घ्यायला सांगा आणि रस्त्याच्या कडेला बघत राहा. ठसा बोटांपाशी नखांशिवाय उमटला असेल तर मांजरकुळातला, नखे दिसली तर कुत्रा, कोल्हा किंवा रानकुत्रा. मांजरकुळात पंजाच्या मागच्या गादीला खालून तीन कंगोरे असतात. बिबट्याचा ठसा बराच लहान. नराच्या पंजाचा ठसा चौरसाकडे झुकतो, मादीचा लांबट. पुढचा पाय मागच्यापेक्षा मोठा असतो, म्हणून एकाच वाघाचे दोन मापांचे ठसे बघून "जोडी गेली" असे लगेच ठरवू नये.

ठसा किती जुना, हे हिवाळ्यात दव सांगते. पहाटे झाडांच्या पानांवरून थेंब टपकतात आणि धुळीत बारीक खळगे पडतात. ठशाच्या आत तसे खळगे असतील तर वाघ दवाच्या आधी, म्हणजे रात्रीच गेला. ठसा खळग्यांना दाबून उमटला असेल, कडा धारदार असतील आणि त्यावर अजून गवताचे कुसळही पडलेले नसेल, तर तो नुकताच पुढे गेला. कालच्या टायरच्या नक्षीवर ठसा आहे की ठशावर टायर, हेही पाहावे. अनुभवी गाईड खाली वाकून दहा सेकंद बघतो ते हेच. त्या दहा सेकंदांत मागून "चला ना, वेळ जातोय" म्हणणारे प्रवासी आपल्याच फेरीचे नुकसान करतात.

मग नाकाचे काम. झाडाच्या बुंध्यावर किंवा झुडपावर वाघ शेपटी वर करून मूत्राचा फवारा मारतो. ताज्या फवाऱ्याला शिजत्या बासमतीसारखा वास येतो. बासमतीच्या वासाला कारणीभूत असणारे द्रव्य वाघाच्या मूत्रातही सापडते. गाडी बंद करून उभे असताना असा वास आला, तर वाघ त्या वाटेने गेल्याला फार वेळ झालेला नाही. गाडीत चार जणांनी अत्तर फवारलेले असले, की ही खूण कायमची गेली.

आणि मग कॉल. चितळाचा धोक्याचा आवाज तीक्ष्ण आणि एकेरी असतो. तो वाघासाठी असतो, बिबट्यासाठी असतो, रानकुत्र्यांसाठी असतो, आणि कधी नुसत्या शंकेपोटीही असतो. एका चितळाच्या एका कॉलवर गाडी पळवू नये. सांबर सहसा उगाच ओरडत नाही. त्याचा घुमणारा, धातूच्या भांड्यावर ठोका पडल्यासारखा आवाज पुन्हा पुन्हा येत राहिला, तर मोठे मांसाहारी जनावर जवळ आहे असे धरून चालावे. शेपटी ताठ, पुढचा पाय जमिनीवर आपटणे, कान एका दिशेला रोखलेले. त्या कानांची दिशा बघावी. वानर झाडाच्या शेंड्यावरून खोकल्यासारखे ओरडते, आणि त्याला वरून खालचे दिसते, म्हणून ते कुठे पाहतेय हे महत्त्वाचे. वानरे पुन्हा पाला ओरबाडू लागली, पिल्ले खेळू लागली, की जनावर निघून गेले. भेकराचे कुत्र्यासारखे भुंकणेही असेच ऐकावे.

कॉल एकाच जागेवरून येत राहिले तर वाघ बसलेला किंवा थबकलेला आहे. कॉल सरकत गेले, आधी सांबर, मग पुढच्या नाल्यापाशी वानर, मग चितळ, तर वाघ चालतोय, आणि कुठल्या दिशेने हे त्या क्रमावरून कळते. चांगला गाईड यानंतर कॉलच्या जागी जात नाही. वाघ जिथे रस्ता ओलांडेल किंवा जिथे पाण्याला येईल, त्या जागेच्या बरेच अलीकडे गाडी कडेला घेतो, इंजिन बंद करतो आणि गप्प बसायला सांगतो. पंधरा मिनिटे, कधी पाऊण तास. काही दिसत नसल्याने याच वेळी पर्यटकांचा धीर सुटतो. समोरून येणाऱ्या जिप्सीतून "तिकडे पाणवठ्यावर होता" असा शब्द येतो आणि सगळ्या गाड्या धूळ उडवत एकाच दिशेला सुटतात. पोचेपर्यंत वाघ उठून गेलेला असतो. मागे ज्या वळणावर थांबायला हवे होते, तिथून कदाचित तो सावकाश निघून जातो, बघायला कुणी नसताना.

एप्रिल-मे महिन्यांत काम सोपे होते. साग निष्पर्ण होतो, गवत वाळून बसते, आणि वाघ पाण्याला बांधला जातो. तेलिया तलाव, पांढरपौनीचे पाणवठे, ताडोबा तलावाचा काठ, जंगलातल्या लहान बोड्या. दुपारच्या फेरीत तासभर एका पाणवठ्यावर बसून राहण्याची तयारी ठेवा. वाघ पाण्यात शिरतो तो पुष्कळदा पाठमोरा, आधी मागचे पाय, मग कंबर, आणि तोंड किनाऱ्याकडेच राहते. चेहऱ्यावर पाणी आलेले त्याला फारसे आवडत नाही. मग अर्धा तास हनुवटी टेकून बसतो, मधूनच एक कान हलवतो. पाणवठ्यावर चितळे मान खाली घालून निवांत पाणी पीत असतील तर वाघ लगत नसावा. पाय उचलून, मान ताणून एकाच झुडपाकडे बघत असतील तर तुम्हीही तिकडेच बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मात्र गवत कमरेएवढे असते आणि पाणी जागोजागी. तेव्हा वाघासाठी आलेल्यांची निराशा होते, पण रान तेव्हाच सर्वांत देखणे असते.

नियमांमधले दोन आकडे पाठ असावेत. कुठल्याही वन्यप्राण्यापासून निदान २० मीटर, आणि दोन गाड्यांमध्ये ५० मीटर. २० मीटर म्हणजे एकामागे एक लावलेल्या पाच जिप्सींची लांबी. हे अंतर डोळ्यांत बसवून घेतले की आपली गाडी नियमात आहे की नाही, हे कुणाला विचारावे लागत नाही. वाघ रस्त्याने चालत येत असेल तर गाडी कडेला लावून त्याला जाऊ द्यायचे. "हेड-ऑन" फोटोसाठी त्याच्यापुढे गाडी मागे-मागे घेत राहायची पद्धत पडली आहे, ती बंद व्हायला हवी. समोर मागे-मागे सरकणाऱ्या चार गाड्या आणि पाठीमागून आलेल्या चार गाड्या यांच्या मधोमध वाघ सापडला, की गोठणगावला झाले तेच होते. वाघ वाट सोडून झाडीत शिरतो, ठरलेला पाणवठा टाळतो. मागे चालणारे बछडे तर रस्त्याच्या दोन बाजूंना विभागले जातात. दीड-दोन वर्षे आईवर अवलंबून राहणाऱ्या पिल्लांसाठी ही किरकोळ गोष्ट नाही. अभयारण्यात वन्यप्राण्याला त्रास देणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ खालीही गुन्हा आहे. त्या कलमात "चालक" असा शब्द नाही, ते प्रत्येकाला लागू आहे.

याला आणखी एक बाजू आहे आणि ती शहरातल्या पर्यटकाला दिसत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मेमध्ये तेंदूपाने गोळा करायला बफरमधली माणसे पहाटे रानात जातात. वाकून काम करणाऱ्या बाईला वाघ दिसत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात या हंगामांत जीव गेलेले आहेत. वाघाने माणसाची चाहूल लागली की बाजूला व्हावे, यातच त्या माणसांची सुरक्षितता आहे. माणसांनी भरलेल्या गाड्यांना रोज चार हातांवरून सरावलेला वाघ तसाच बुजरा राहील, असे धरून चालणे धोक्याचे आहे. आपला जवळून काढलेला फोटो कुणाच्या तरी पहाटेच्या मजुरीशी जोडलेला आहे, एवढे भान ठेवावे.

फोटो काढायचेच असतील तर थोडक्यात सांगतो. ३०० ते ४०० मि.मी.ची लेन्स पुरते. चालत्या वाघाला शटर १/५०० च्या खाली नको, पहाटे त्यासाठी आयएसओ बेधडक चढवावा. फ्लॅश पूर्ण बंद. ट्रायपॉडला जिप्सीत जागा नसते. त्याऐवजी कापडी पिशवीत दीड किलो तांदूळ भरून ती दांडीवर ठेवावी आणि लेन्स तिच्यावर टेकवावी. इंजिन चालू असेल तर त्याची थरथर फोटोत उतरते, म्हणून चालकाला गाडी बंद करायला सांगावे. वाघासाठीही तेच बरे. कॅमेरा नसेल तर ८×४२ ची दुर्बीण न्यावी. २० मीटरचे अंतर जाचक वाटते ते मुख्यतः मोकळ्या डोळ्यांनी बघणाऱ्यांना.

वाघाला नाव देऊन त्याच्यामागे धावण्याचाही अतिरेक झाला आहे. पांढरपौनीची माया इतकी लाडकी होती की गेटवर पहिला प्रश्न तिचाच असे. २०२३ च्या पावसाळ्यात ती दिसेनाशी झाली. एका नावासाठी सगळ्या गाड्या एकाच रस्त्यावर उतरल्या की बाकीचे रान रिकामे राहते. त्याच सकाळी मोहाखाली फुले वेचणारे अस्वल, तलावाकाठची मगर, रानकुत्र्यांची टोळी, जामणीच्या पुनर्वसित गावाच्या जागी झालेल्या कुरणावरचे रानगवे हे सगळे मागे सुटते. मोहर्लीहून ताडोबाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेचे गोंडकालीन दगडी खांब तर कित्येकांनी पाहिलेलेही नसतात. ज्या तारू देवावरून या रानाला नाव पडले, त्याचे ठाणे तलावाकाठी आहे. वाघाशी झुंजताना तारू मेला, अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे. ज्यांच्या देवाचे हे रान, तिथे पाहुण्यासारखे वागणे ही किमान अपेक्षा आहे.

वनविभागाकडे चार मागण्या आहेत. पहिली, टिपेची पेटी. चालक-गाईडच्या हातात टिप देणे बंद करून गेटवर पेटी ठेवावी आणि जमा रक्कम त्या दिवशीच्या सर्व गाड्यांत सारखी वाटावी. वाघ दाखवल्याचे वेगळे पैसे मिळणार नाहीत म्हटल्यावर शर्यतीचे निम्मे कारण संपते. दुसरी, गाईडलाही तक्रार करता यावी. आज पर्यटक गाईडविरुद्ध लिहून देऊ शकतो, पण उभे राहून ओरडणाऱ्या, गाडी पुढे घेण्यासाठी दबाव टाकणाऱ्या पर्यटकाविरुद्ध गाईडने काय करायचे? त्याच्या नोंदीवरून त्या आरक्षणातल्या नावांना वर्षभर प्रवेश नाकारावा. मूळ ओळखपत्राची अट आहेच, त्यामुळे हे करणे अवघड नाही. तिसरी, वाघ दिसलेल्या जागी गाड्यांची संख्या ठरवून द्यावी आणि आधी आलेल्याने काही मिनिटांत जागा सोडावी. गर्दीच्या पाणवठ्यांवर सुट्टीच्या दिवशी वनरक्षक उभा असावा. चौथी मागणी सर्वांत स्वस्त आहे. आरक्षणाच्या पावतीबरोबर एक पान मराठीत पाठवावे: २० मीटर, ५० मीटर, इंजिन बंद, वाघापुढे गाडी मागे घेणार नाही. कुटुंबातल्या एकाने तरी ते गेटवर सही करून द्यावे.

१ ऑक्टोबरला कोअर पुन्हा उघडतो आणि पहिल्याच आठवड्यात गर्दी होते. हे पान त्याआधी तयार असावे.

— एक वन्यजीव अभ्यासक, चंद्रपूर